तेंदूझरीची दोनशे बारा झाडं

नंदनवन वस्तीत भोयरांचं घर विचारलं की लोक सांगायचे, "झाडाला मिठी मारणारे भोयर ना? तिसऱ्या गल्लीत." मिठीबिठी काही नसायची. सकाळी फिरायला निघालेले रविंद्र भोयर रस्त्यावरच्या एखाद्या कडुनिंबापाशी थांबायचे, दोन्ही हातांनी बुंधा कवटाळायचे आणि सोबतच्यांना सांगायचे, "एकशे अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर." मग कोणीतरी हौशी गृहस्थ घरून मोजायची टेप आणायचा. घेर एकशे शहात्तर निघायचा, फार तर एकशे ऐंशी. लोक वाहवा करायचे. चौतीस वर्षं वनखात्यात काढलेल्या माणसाला एवढं यायलाच पाहिजे, असं रविंद्रराव म्हणायचे खरे, पण ते ऐकायला त्यांना आवडायचं.

माणूस वाईट नव्हता. दारू नाही, तंबाखू नाही, कोणाच्या अध्यात ना मध्यात. काटोलकडच्या एका खेड्यातल्या शाळेच्या शिपायाचा हा मुलगा चोविसाव्या वर्षी वनरक्षक झाला. आमच्याकडे त्याला नाकेदार म्हणतात, आणि नाकेदार म्हटलं की लोक जरा वचकून असतात. रविंद्ररावांना कोणी वचकून राहिलं नाही. ते कोणावर ओरडले नाहीत, कोणाची कुऱ्हाड हिसकावली नाही, सगळ्यांशी गोड राहिले आणि वनपाल होऊन निवृत्त झाले. मिळेल तिथं वेळ मारून न्यायची, हा त्यांचा स्वभाव. पुष्कळांचा असतो, आणि पुष्कळांचं तेवढ्यावर निभावूनही जातं.

त्यांची पहिली नेमणूक तेंदूझरीची. रामटेकच्या पलीकडे, नदीच्या वळणात वीस एकरांचा एक तुकडा आहे. तिथं इंग्रजांच्या वेळेपासून कुऱ्हाड लागलेली नाही. सागाचं जंगल तोडलंच नाही तर पुढं काय होतं ते पाहू, असं कोण्या साहेबाच्या मनात आलं आणि त्यानं तो तुकडा राखून ठेवला. साहेब गेला, त्याचं राज्य गेलं, तुकडा राहिला. आत दोनशे बारा म्हातारे साग. प्रत्येकावर नंबराचा पत्र्याचा बिल्ला, आणि छातीच्या उंचीवर पांढऱ्या रंगाचा पट्टा. दर पाच वर्षांनी त्या पट्ट्यावरून टेप फिरवायची आणि झाडाचा घेर वहीत लिहायचा. गुरं आत सोडायची नाहीत, मोहफुलं वेचणाऱ्यांनी यायचं नाही, पडलेली काडीसुद्धा उचलायची नाही.

शहाऐंशी साली रविंद्ररावांनी ती झाडं पहिल्यांदा मोजली. वरचे साहेब कडक होते. एकेका झाडाला दोनदा टेप लावून घ्यायचे. चार दिवस लागले. एक्याण्णवला साहेब बदलून गेले होते, तरी रविंद्ररावांनी सुकलाल उईके नावाच्या वनमजुराला हाताशी घेऊन सगळी झाडं नीट मोजली. तेव्हा ते तरुण होते आणि त्या तुकड्यात शिरलं की त्यांना बोलावंसं वाटायचं नाही. एवढी शांतता त्यांनी कुठल्या देवळातही पाहिली नव्हती. देवकीशी नवीन लग्न झालं तेव्हा ते तिला त्या जंगलाबद्दल रोज सांगायचे, इतकं की ती एकदा म्हणाली, "मंग त्याच्याशीच लगन करा लागत होतं."

पुढं नेमणुका बदलल्या तरी तेंदूझरीची मोजणी त्यांच्याकडेच राहिली. मग शहाण्णव साल आलं. मोजणीचा महिना होता आणि त्यांची मुलगी, अश्लेषा, अडीच महिन्यांची होती. तिच्या छातीत कफ झाला. धंतोलीतल्या एका दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं. अकरा दिवस रविंद्रराव बाहेरच्या बाकावर बसून होते. आठव्या दिवशी ऑफिसातून निरोप आला की तेंदूझरीचे आकडे परवापर्यंत पाहिजेत. त्यांनी पिशवीतून वही काढली. एक्याण्णवच्या आकड्यांत कुठं दोन मिळवले, कुठं तीन, मधूनच एखाद्या झाडाला एकच, म्हणजे खरं वाटावं. दोन तासांत दोनशे बारा झाडं मोजून झाली. वही गेली, सही झाली, कोणी काही विचारलं नाही. मुलगीही वाचली.

इथवर कोणीही त्यांना माफ करेल. बापाचं काळीज आहे, झालं असं. पण दोन हजार एकमध्ये मुलगी पाच वर्षांची होती आणि ठणठणीत होती. सहामध्ये ती शाळेच्या धावण्याच्या शर्यतीत पहिली आली होती. अकरामध्ये तर रविंद्ररावांच्या बुडाखाली सरकारी जीप होती. तिन्ही वेळा ते तेंदूझरीला गेले नाहीत. मार्चचं ऊन, चार दिवसांची पायपीट आणि शेवटी निघणार काय, तर दोन नाही तर तीन. ते बसल्या जागीसुद्धा लिहिता येत होतं. झाडं काही तक्रार करायला येत नव्हती. निवृत्तीनंतर तर मोजणीच बंद पडली, कारण त्यांच्या जागी आलेल्याला तो तुकडा कुठं आहे हेही ठाऊक नव्हतं. रविंद्ररावांनी ती गोष्ट मनातून काढून टाकली. ती इतकी लहान होती की काढून टाकायला फारसे कष्टही पडले नाहीत.

अश्लेषा मात्र बापाच्या जंगलावर वाढली. जेवताना तेंदूझरी, झोपताना तेंदूझरी. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाली, पीएच.डी.ला नाव नोंदवलं, आणि एके दिवशी घरी येऊन म्हणाली, "बाबा, माझा विषय ठरला. तुमची झाडं."

रविंद्ररावांच्या हातात चहाची कपबशी होती. ती त्यांनी खाली ठेवली.

तिनं लॅपटॉप उघडून एक फोटो दाखवला. अमेरिकेतल्या राखीव जंगलातले रेडवूड, हजार-दीड हजार वर्षांची झाडं, आणि त्यांच्या बुंध्याशी उभी असलेली एवढीएवढीशी माणसं. तिथं जाणारे लोक बोलत नाहीत म्हणे, नुसते चालत राहतात. आणि ती झाडं एवढी म्हातारी होऊनही वाढायची थांबलेली नाहीत. सागाचं मात्र सगळे म्हणतात की वय झालं की तो थांबतो. "पण तुमच्या वहीत पाहा," अश्लेषा म्हणाली. वहीची झेरॉक्स तिनं ऑफिसातून आधीच मिळवली होती. "एक्याण्णवपर्यंत हळूहळू, अन् त्याच्यानंतर एकसारखी वाढ. दुष्काळातबी थांबले नाही. हे कोणाच्या लक्षातच नाही आलं, बाबा. तुमच्या आधीचे धरून पन्नास वर्षांचे आकडे तिथं पडून होते अन् कोणी उघडून नाही पाहिले."

तेव्हा सांगायचं होतं. "अशू, ते आकडे माझे आहेत, झाडांचे नाहीत," एवढं वाक्य. रविंद्रराव म्हणाले, "दुसरा एखादा विषय नाही का?" ती हसली. तिला वाटलं, बाबा लाजताहेत.

त्यानंतर सहा वर्षं गेली. सांगायच्या वेळा पुष्कळ आल्या आणि प्रत्येक वेळ आधीच्या वेळेपेक्षा कठीण होती. तिचा पहिला लेख छापून आला तेव्हा देवकीनं गल्लीत पेढे वाटले. प्रबंधाच्या पहिल्या पानावर अश्लेषानं लिहिलं, 'ज्यांनी ही झाडं मोजली त्या माझ्या बाबांना', आणि ते पान त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी ते चष्मा लावून वाचलं आणि उठून मोरीत जाऊन तोंड धुतलं. देवकी म्हणाली, "रडले तुझे बाबा." अश्लेषानं आईला डोळ्यांनी गप्प केलं.

आता फक्त शेवटची मोजणी राहिली होती. अकरानंतर आज झाडांचा घेर किती आहे ते लिहिलं की प्रबंध पूर्ण. परवानगी मिळायला सात महिने लागले. ते सात महिने रविंद्ररावांना नीट जेवण गेलं नाही. रात्रीचं सोडा, दुपारीही डोळा लागेना. एकच आशा त्यांनी धरली होती. पंधरा वर्षं झाली आहेत. झाडं वाढत वाढत आपण लिहिलेल्या आकड्यांपर्यंत पोचली असतील. तेवढं जरी झालं असेल तरी निभावेल. सत्तर वर्षांचा माणूस देवघरात बसून सागाच्या झाडांची वाढ मागत होता.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तीन दिवसांची परवानगी हातात पडली. अश्लेषानं गाडी ठरवली, वनविश्रामगृहात दोन खोल्या घेतल्या. "तुम्ही येऊन राहिले ना, बाबा? तुमच्याशिवाय मले नाही जायचं." देवकीनं पोळ्या, भरली वांगी आणि सांडगी मिरची बांधून दिली आणि नवऱ्याला बजावलं, "पोरीले नीट दाखवजा तुमचं जंगल. तीस वर्षं आम्ही नुसतं ऐकूनच राहिलो."

गाडीत सांगू, असं त्यांनी ठरवलं होतं. पण पुढं ड्रायव्हर होता. रामटेक फाट्यावर चहाला थांबले तेव्हा ड्रायव्हर लांब होता, पण अश्लेषा इतकी खुशीत होती की त्यांना जिवावर आलं. तिला जूनमध्ये कॉलेजात जागा मिळायची होती. जागा पीएच.डी.वर अडली होती आणि प्रबंधाला दिलेली वाढीव मुदत याच महिन्याच्या शेवटी संपत होती. हे सगळं तिनं चहा पिता पिता पुन्हा एकदा सांगितलं. रविंद्ररावांनी मान हलवली आणि दुसरा चहा मागवला.

तेंदूझरीच्या फाटकाशी सुकलाल उईके उभा होता. त्याचे केस पांढरे झाले होते, पण चालणं तेच. "राम राम साहेब. लय वर्सानं आले जी," तो म्हणाला. "ही तुमची पोरगी काय? तुमच्यावानीच दिसते."

ते तिघं आत शिरले. मार्चात सागाला पान राहत नाही. सगळी पानगळ खाली साचलेली असते आणि पाऊल टाकलं की पापड मोडल्यासारखा आवाज होतो. तो आवाज सोडला तर तिथं काहीच नव्हतं. उघड्या फांद्यांतून ऊन सरळ खाली येत होतं. बुंधे एवढाले की एका माणसाच्या कवेत मावू नयेत. अश्लेषा चालता चालता थांबली. तिनं फक्त फोटोंत आणि आकड्यांत पाहिलेली झाडं आता समोर होती. तिनं बापाचा हात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. रविंद्ररावांना त्या क्षणी तिथून पळून जावंसं वाटलं.

मग काम सुरू झालं. सुकलाल एका बाजूनं टेप धरायचा, अश्लेषा दुसऱ्या बाजूनं येऊन आकडा वाचायची. रविंद्ररावांकडे जुने आकडे उतरवलेली वही दिली होती; नवे त्यांनी पुढच्या कोऱ्या पानांवर लिहायचे.

झाड नंबर एक. अकरा साली घेर तीनशे नऊ लिहिलेला. "तीनशे दोन," अश्लेषानं वाचलं आणि स्वतःच म्हणाली, "नाही, नाही. टेप कुठं तरी चढली असंन." पुन्हा लावली. तीनशे दोन. तिसऱ्यांदा लावली. तीनशे दोन.

नंबर दोन. वहीत दोनशे चौसष्ट, टेपवर दोनशे अठ्ठावन्न. तीन नंबर पाचनं कमी. चार नंबर सातनं. रविंद्ररावांची आशा चार झाडांत आटोपली. झाडं त्यांच्या आकड्यांपर्यंत आली नव्हती. जिथं एक्याण्णवला होती तिथून चार-दोन बोटं पुढं सरकून ती थांबली होती, जशी म्हातारी झाडं थांबतात म्हणून सगळे सांगत होते.

अश्लेषा हार मानायला तयार नव्हती. एकतीस झाडं मोजेपर्यंत तिनं कारणं शोधली. साल गळाली असेल. उन्हाळ्यात खोड आकसत असेल. शेवटी तिला एक कारण सापडलं आणि तिचा चेहरा उजळला. "पट्टा. बाबा, कोणी तरी पट्टा वर सरकवला असंन. नवीन रंग देताना चार बोटं वर दिला की घेर कमीच येणार. हो ना?"

"असंन," रविंद्रराव म्हणाले. "असंन तसंच."

"नाही जी," सुकलाल म्हणाला. रंग देण्याचं काम इतकी वर्षं तोच करत होता आणि त्याला ते लागलं. "जुन्या पट्ट्यावरच ब्रश फिरवतो मी. एक बोटबी इकडंतिकडं नाही. साहेबांनंच शिकवलं होतं मले."

ऊन डोक्यावर आलं होतं. जेवायला सावली पाहिजे म्हणून सुकलालनं त्यांना नदीच्या बाजूला नेलं. तिथं एक प्रचंड साग आडवा पडला होता. वरचा भाग कुजून मातीत मिसळला होता, पण आतलं लाकूड अजून दगडासारखं होतं. "इथं बसा," सुकलाल म्हणाला, "बसायले चांगलं हाय. पडलेलं उचलायचं नाही असा नियम, म्हून हाय तसंच हाय." अश्लेषा बसायला वाकली आणि थांबली. बुंध्याला अजून बिल्ला होता. तिनं बोटानं माती पुसली. एकशे त्रेचाळीस.

"हे कधी पडलं, काका?"

"वादळात जी. अठ्ठ्याण्णवले. माह्या लहान भावाचं लगन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी. मांडवबी उडाला होता."

"नक्की अठ्ठ्याण्णव?"

"भावाचं लगन कसं चुकंन, बाई?" असं म्हणून सुकलाल पाणी आणायला नदीकडे गेला.

अश्लेषानं बापाच्या हातातून वही घेतली. झाड नंबर एकशे त्रेचाळीस. शहाण्णवला दोनशे एक्याऐंशी. दोन हजार एकला दोनशे चौऱ्याऐंशी. सहाला दोनशे शहाऐंशी. अकराला दोनशे एकोणनव्वद. मरून पडलेलं झाड तेरा वर्षं वाढत होतं.

रविंद्ररावांच्या तोंडातून निघालं ते भलतंच. आयुष्यभराची सवय अशी एका दुपारी जात नाही. "लिहिताना चूक झाली असंन," ते म्हणाले. "बाजूच्या झाडाचा आकडा इकडं आला असंन. एवढं एक झाड काढून टाकजो. दोनशे अकरा राहतात ना."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. लहानपणी गणित अडलं की बघायची तसं ती बघत होती.

"बाबा, दोन हजार एकचे आकडे तुम्ही कुठं बसून लिहिले?"

आता पळायला जागा नव्हती. "घरी," ते म्हणाले.

"सहाचे?"

"घरीच."

"अकराचे?"

"ऑफिसात."

"अन् शहाण्णवचे?"

तेव्हा त्यांनी तिला धंतोलीचं सगळं सांगितलं. काचेची पेटी, बाहेरचा बाक, ऑफिसचा निरोप. सांगताना त्यांच्या लक्षात आलं की आपण याच एका गोष्टीवर जास्त वेळ घेतो आहोत, कारण चारांपैकी हीच एक बरी दिसणारी आहे. मग त्यांनी स्वतःला थांबवलं. "ते कारण एकदाचंच होतं," ते म्हणाले. "बाकी तीनदा आळस केला. मले वाटलं कोण पाहते."

सांगून झालं तसं त्यांना हलकं वाटलं. सहा वर्षं छातीवर धोंडा होता, तो उतरला. आता ती रडेल, बोलेल, आपल्याशी महिनाभर बोलणार नाही, जे होईल ते सोसू, असं त्यांनी ठरवलं. ते पुढं म्हणाले, "उद्या-परवा सगळे झाडं नीट मोजू. जे निघंन ते निघंन. अन् मी स्वतः येतो तुझ्या सरांकडे. माझ्या तोंडानं सांगतो, हे काम माझं आहे, पोरीचा यात दोष नाही."

अश्लेषानं डबा उघडला होता. पोळीचा तुकडा तिच्या हातात तसाच होता.

"अन् मंग?" ती म्हणाली.

"मंग काय. खरं ते खरं."

"मंग मले सांगा ना काय. माझा लेख मागं घ्या लागंन. प्रबंधात बाकी काहीच नाही, बाबा, हे आकडेच आहेत. सहा वर्षं गेले. जूनमध्ये ती जागा दुसऱ्याले जाईल. माझं वय तीस आहे. नवीन विषय घेऊन मी कुठून सुरू करू?" तिचा आवाज जराही चढला नव्हता. "तुम्ही सरांले सांगान अन् मोकळे व्हान. तुम्हाले मोकळं व्हायचं आहे. मले पास व्हायचं आहे."

रविंद्ररावांनी आजवर या गोष्टीचा पुष्कळ विचार केला होता. ती चिडेल याचा, ती कोसळेल याचा, देवकीला काय सांगायचं याचासुद्धा. ही एक शक्यता त्यांच्या मनाला शिवली नव्हती. पोरगी सरळ आहे, आपल्यावर गेली नाही, ही एक गोष्ट त्यांनी इतकी गृहीत धरली होती की तिच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. शाळेत एका मार्कासाठी, जास्त पडला म्हणून, बाईंकडे परत गेलेली मुलगी ती. त्या दिवशी घरी त्यांनीच सगळ्यांना ते कौतुकानं सांगितलं होतं.

तिनं पोळी डब्यात परत ठेवली, हात पुसले आणि सकाळचं पान वहीतून फाडलं. एकतीस झाडांचे खरे आकडे होते त्यावर. त्याची चौकोनी घडी घालून तिनं पिशवीच्या तळाशी सरकवली. मग कोरं पान काढून त्यावर उभ्या रेघा मारल्या. हात अगदी स्थिर होता.

"काय करून राहिली, अशू?"

"एकशे त्रेचाळीस पडलं म्हणून लिहिते, अकरानंतरच्या वादळात. बाकीचे दोनशे अकरा तुम्ही सांगा."

"नाही वं, बाई. असं नको करू." त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. "मी चुकलो. तू नको."

"आकडे मीच टाकले असते," ती म्हणाली, "पण माझे ओळखू येतील. मले येत नाही ते. तुमचे चार खेपांचे कोणाले ओळखू नाही आले. मले नाही आले."

त्यांनी हात काढून घेतला. लांबून सुकलाल पाण्याची कॅन घेऊन येताना दिसत होता. पानांवरून त्याची पावलं वाजत होती. तो पोचायच्या आत काहीतरी ठरायला हवं होतं. नाही म्हणावं, उठून सरळ गाडीत जाऊन बसावं, असं रविंद्ररावांना फार वाटलं. पण नाही म्हणायचा हक्क आपण कधीच घालवून बसलो आहोत, हे त्यांना कळत होतं आणि तिलाही कळत होतं. आजवर हे काम त्यांनी लांब बसून केलं होतं. आता सगळी झाडं चारही बाजूंनी उभी होती आणि त्यांच्या मधोमध त्यांची मुलगी पेन्सिल घेऊन बसली होती.

"नंबर एक," ती म्हणाली.

रविंद्ररावांनी डोळे मिटून घेतले. अकराला तीनशे नऊ. मध्ये पंधरा वर्षं. आठ मिळवले तर कोणाला संशय येणार नाही. हिशेब त्यांच्या डोक्यात आपोआप होऊन गेला, त्यांनी थांबवायच्या आत.

"तीनशे सतरा."

तिनं लिहिलं. "नंबर दोन."